भाषांतर मराठी, अक्षरे मात्र बेवारस

उधारीची खाती आणि मालाची नोंद आता संगणकावर मराठीतही ठेवता येते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु विंडोजवरचा मराठी प्रोग्रॅम लिनक्सवर नेला की पुष्कळदा अक्षरे फुटतात, गिऱ्हाइकांची नावे अर्धवट छापली जातात. मग व्यापारी भाषांतरकाराला बोल लावतो. आमच्या मते हा अन्याय आहे. दोष प्रोग्रॅम बनविणाऱ्याचा असतो.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरविले. फ्रेंचमधील, डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ‘ई’चा आकडा डॉसच्या जुन्या पद्धतीत १३०, विंडोजच्या पद्धतीत २३३ आणि जुन्या मॅकवर १४२! आपल्याकडे १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे प्रमाण ठरवून दिले होते. पण फाँट विकणाऱ्यांनी आपापल्या मांडण्या चालविल्या. त्यामुळे फाँट बदलला की वर्षानुवर्षांच्या मजकुराचा कचरा होतो.

युनिकोड आल्यावर हा घोळ संपला असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. आकडा एक झाला, पण तो साठविण्याच्या रीती निराळ्या राहिल्या. विंडोज आतमध्ये यूटीएफ-१६ वापरते, तेथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह २ बाइट घेते. लिनक्सवर यूटीएफ-८ रूढ आहे, तेथे तेच चिन्ह ३ बाइट घेते. ‘अब्दुल रहमान’ हे नाव घ्या. काना, उकार, हलन्त वेगळे मोजले तर ११ चिन्हे आणि एक मोकळी जागा. पहिल्या रीतीत २४ बाइट, दुसऱ्या रीतीत ३४. प्रोग्रॅममध्ये नावासाठी ३० बाइट राखलेले असतील तर विंडोजवर सारे ठीक. लिनक्सवर मात्र ‘अब्दुल रहम’ आणि पुढे एक फुटके चिन्ह. उधारी कोणाची, हे मग कसे ठरवायचे?

मराठीला आणखी एक खास त्रास आहे. ‘व्यापाऱ्यांची यादी’ यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता. १९९८ साली मॅकवर आलेली फाइल ठेवण्याची पद्धत फाइलच्या नावातील असे अक्षर सुटे करून ठेवीत असे. तीच फाइल लिनक्सवर नेली की नाव डोळ्यांना तेच दिसते, प्रोग्रॅमला मात्र सापडत नाही. बिचारा भाषांतरकार यात काय करणार?

म्हणून व्यापारी बांधवांनी सौदा करतानाच लेखी घ्यावे की सर्व माहिती युनिकोडमध्ये राहील, ती कोणत्या रीतीने साठविली आहे ते सांगितले जाईल आणि नावाची जागा बाइटमध्ये नव्हे, अक्षरांत मोजली जाईल. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी आपल्या खातेवहीतील सर्वांत लांब नाव आणि ‘ऱ’ असलेली एक फाइल दोन्ही यंत्रांवर चालवून दाखवायला सांगावे.