जुन्या सायकलीला गिअर लावताना

घरात एखादी काळी, २२ इंची सायकल पडून असेल तर प्रत्येक इंजिनिअरच्या डोक्यात कधी ना कधी किडा वळवळतो: हिला गिअर बसवले तर?

माझ्याही डोक्यात वळवळला. सायकल बाबांची. तिच्यावरून त्यांनी तीस वर्षं नोकरी केली, मला शाळेत सोडलं. आता ते आमच्याकडे बावधनला असतात. मागच्या महिन्यात कोथरूडहून परत येताना चांदणी चौकाच्या चढावर खाली उतरले, सायकल ढकलत घरी आले आणि म्हणाले, "विकून टाक रे आता." मला काही ते पटेना. शनिवारी सायकल उलटी करून बसलो.

आधी हिशोब. पुढे ४४ दाते, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरतं. सपाटीवर मस्त, चढावर गुडघे बोलायला लागतात.

आता डिरेलर लावायचा तर? सहा-सात चकत्यांच्या फ्रीव्हीलला मागे जागा नाही, फ्रेम ताणून रुंद करावी लागते. डिरेलर अडकवायला सोय नाही. चेन अरुंद हवी, चेनकव्हर काढायला हवं. मागच्या रिमला ४० आरे आणि दुकानात मिळणारे हब बहुतेक ३६ चे, म्हणजे रिमही गेली. एक बदलायला जावं तर चार गोष्टी तुटतात. लेगसी कोडवर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको :)

दुसरा मार्ग हबच्या आत लपलेल्या गिअरचा. नॉटिंगहॅमला १९०२ साली सुरू झालेल्या स्टर्मी-आर्चरचं तीन स्पीडचं हब प्रसिद्धच आहे. खालचा गिअर २५ टक्के हलका, वरचा ३३ टक्के जड. अशा सायकलीला शोभेल तर हेच. पण तेही मागवा, आरे पुन्हा भरा, आउट काढा... आणि ब्रेक? ते रॉडचेच, स्टीलच्या रिमवर घासणारे. पावसात नावापुरते. वरच्या गिअरचा वेग घेऊन अशा ब्रेकवर बाबांनी उतार उतरायचा? नको रे बाबा.

शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चढवायचंय की दाखवायचंय?" मग म्हणाले, मागे २२ चं फ्रीव्हील टाका, चेन थोडी वाढवा. झालं!

४४ भागिले २२, बरोब्बर दोन. त्याच चढाला पायावर १८ टक्के कमी जोर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेएकोणीसऐवजी सोळा किलोमीटर. बाबांना कुठे शर्यत लावायचीय?

माझं मत विचाराल तर जुन्या सायकलीला गिअर जरूर लावा, पण छंद म्हणून, आणि आधी ब्रेक बघून. चढ हीच अडचण असेल तर आधी मागचे दाते मोजा. हा बदल नाही आवडला तर अर्ध्या तासात परत १८ चं फ्रीव्हील बसवता येतं. खरं सांगायचं तर गिअर मला हवे होते. बाबांना फक्त घरी पोचायचं होतं.

काल ते चढावर एकदाच उतरले. दम खाल्ला आणि परत बसले. विकायचं नाव अजून तरी काढलेलं नाही.