फ्लॉरेन्सचे अनाथालय : एका व्यापाऱ्याचे अभयदान

इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत जाणारा प्रवासी प्रथम तेथील कॅथेड्रलचा भव्य घुमट पाहतो आणि मग मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ पाहण्यासाठी अकादेमिया संग्रहालयापुढील रांगेत उभा राहतो. तेथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर सान्तिस्सिमा अनुन्झियाता नावाचा चौक आहे. त्याच्या एका बाजूस नऊ कमानींची शांत, प्रमाणबद्ध ओवरी दिसते. ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती’, म्हणजे निष्पाप बालकांचे आश्रयस्थान, ते हेच. व्यापारी कुटुंबातील पर्यटकाने ही वास्तू चुकवू नये; कारण तिच्या उभारणीमागे कोणा राजाचा खजिना नाही, एका व्यापाऱ्याचे मृत्युपत्र आहे.

फ्रान्चेस्को दातिनी हा जवळच्या प्रातो गावचा. १३४८ च्या भीषण प्लेगमध्ये त्याचे आईवडील आणि दोन भावंडे दगावली. तो आणि एक भाऊ एवढेच वाचले. पोरका झालेला हा मुलगा पंधराव्या वर्षाच्या सुमारास फ्रान्समधील आव्हिन्यों येथे गेला आणि व्यापारात अफाट धन मिळवून तीसएक वर्षांनी गावी परतला. लोकर, कापड, शस्त्रे, मसाले अशा अनेक मालांचा त्याचा व्यवहार होता. आपल्याकडे दिवाळीच्या चोपडीवर ‘शुभ-लाभ’ लिहितात. दातिनीच्या खातेवह्यांवरही ईश्वर आणि नफा यांची नावे एकत्र लिहिलेली असत. पत्नी मार्गेरितापासून मात्र त्याला अपत्य झाले नाही. व्यवहाराच्या चिंतेने तो सदैव ग्रासलेला असे आणि त्याचा मित्र, नोटरी लापो माझ्झेई, त्याला परोपकाराची आठवण करून देत राही.

१४१० मध्ये दातिनी निवर्तला. आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग त्याने प्रातोच्या गरिबांसाठी ठेवला आणि त्या निधीचा कारभार धर्मपीठाकडे न देता गावच्या नागरिकांकडे सोपवला. त्याखेरीज टाकून दिलेल्या बालकांच्या आश्रयस्थानासाठी फ्लॉरेन्सला १,००० फ्लोरिन दिले. ज्याचे बालपण पोरकेपणात गेले, त्याला पोरक्यांचे दुःख निराळे सांगावे लागले नसावे.

एवढ्या रकमेत इमारत पूर्ण होणार नव्हती. तो भार शहरातील रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने उचलला. आपल्याकडे महाजन जसे पांजरापोळ चालवीत, तसाच हा प्रकार. १४१९ मध्ये काम सुरू झाले. रचनाकार होता फिलिप्पो ब्रुनेलेस्की, म्हणजे कॅथेड्रलचा घुमट उभारणाराच. १४४५ मध्ये संस्थेचे दार उघडले आणि ५ फेब्रुवारी रोजी पहिले बालक आले. ती मुलगी होती. संत आगाथाचा तो दिवस, म्हणून तिचे नाव आगाता ठेवले गेले. पुढेही येणाऱ्या बालकांत मुलींचेच प्रमाण अधिक राहिले. त्यांच्या विवाहासाठी हुंड्याची तरतूद संस्थेलाच करावी लागे. दाईंचे वेतन, दूध, कपडे यांचा खर्च मोठा होता. आरंभीच्या काळात पुष्कळ बालके वाचूही शकली नाहीत. तरीही दार बंद झाले नाही. कमानींच्या मधोमध आंद्रेआ देल्ला रोब्बियाने १४८७ च्या सुमारास घडवलेली, निळ्या पार्श्वभूमीवरील कपड्यात गुंडाळलेली शुभ्र बाळे आजही पाहावयास मिळतात.

आतील संग्रहालयात मात्र एका दालनात पाऊल अडखळते. तेथे लहान लहान खणांत अर्धी तोडलेली पदके, मण्यांचे तुकडे, क्रूस अशा वस्तू जपून ठेवल्या आहेत. बहुतेक एकोणिसाव्या शतकातील. बाळाला सोडताना आई एक अर्धा भाग त्याच्यासोबत ठेवी, दुसरा स्वतःजवळ. कधीतरी परत येऊन ते दोन्ही तुकडे जुळवावेत, ही आशा. खणांतील किती तुकडे तसेच अर्धे राहिले, हे पाहताना हिशेबाला सरावलेला माणूसही क्षणभर स्तब्ध होतो. या वहीत जमेची बाजू आईच्या मुठीतच राहून गेली.

प्रातो येथील दातिनीचे घरही पाहण्यासारखे आहे. फ्लॉरेन्सहून रेल्वेने ते अर्ध्या तासाच्या आत येते. १८७० मध्ये तेथे जिन्याखाली पोत्यांत भरलेली त्याची कागदपत्रे सापडली. सुमारे १,५०,००० पत्रे आणि ५०० हून अधिक हिशेबवह्या! मध्ययुगीन व्यापाराच्या अभ्यासकांना हा अमूल्य ठेवा ठरला.

आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. दातिनीला हे शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण आगातासारख्या बालकांना त्याच्या धनाने जे दिले ते अभयच होते. त्याच्या पेढ्या केव्हाच मिटल्या. ज्या संस्थेला त्याने १,००० फ्लोरिन दिले, ती मात्र बालकल्याणाचे काम आजही करीत आहे.