वाघ नाही दिसला, तर पैसे बुडाले?

थंडीत नागझिऱ्याचा प्लॅन शिजतोय ना? मग आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. सफारीचं तिकीट म्हणजे वाघ दिसण्याची गॅरंटी नव्हे.

चोरखमारा गेटमधून सकाळी आत शिरलात की उघड्या जिप्सीत गार वारा झोंबतो; कानटोपी, जॅकेट हवंच. गाडीतून उतरायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. सोबतचा गाईड बहुधा जवळच्याच गावचा असतो. त्याला बोलतं करा. चितळाचा इशारा, रानकुत्र्यांचा माग, अस्वलाने उकरलेलं वारूळ तो दाखवत असतो आणि आपण मात्र 'भाऊ, वाघ कुठंय?' एवढंच विचारत बसतो.

हा हट्ट कुणाला महागात पडतो? ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूर-भंडाऱ्याकडच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबन झालं ते चालक आणि गाईडचं. 'अजून थोडी पुढे घ्या ना' म्हणणारे पर्यटक अशा वेळी नामानिराळेच राहतात.

नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. हे जंगल आपल्याच जिल्ह्याचं, गाईडही आपलाच माणूस. म्हणून तो 'आता मागे फिरू' म्हणाला, की वाद घालू नका. 'चला दादा' म्हणा. वाघ पुढच्या वेळी दिसेल. त्याची रोजी मात्र आजची आहे.