‘क्युअर’, ‘ट्रीटमेंट’ की ‘रिलीफ’? : वैद्यांच्या इंग्रजीचा विचार

आपले शास्त्र संस्कृतात, रुग्णाशी बोलणे मराठीत आणि कागदपत्रे इंग्रजीत, अशी आज वैद्यक व्यवसायाची त्रिभाषिक स्थिती आहे. दवाखान्याची पाटी, तज्ज्ञाकडे पाठवावयाची चिठ्ठी, औषधाचे लेबल, माहितीपत्रक, विमा कंपनीला द्यावयाचे प्रमाणपत्र या सर्व ठिकाणी इंग्रजी शब्द वापरावे लागतात. एकाच अर्थाचे भासणारे दोन-तीन शब्द समोर आले की त्यांतील भारदस्त वाटेल तो उचलावा, अशी प्रवृत्ती आपल्या व्यवसायात सर्रास आढळते. शब्दकोशात शेजारी बसलेल्या या शब्दांचे परिणाम मात्र फार वेगवेगळे होतात. त्यांचा विचार वैद्यवर्गाने व औषधनिर्मात्यांनी गांभीर्याने करावा, यासाठी हा लेखप्रपंच.

समानार्थी वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतील अंतर आम्हा किल्लारीकरांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबविला गेला आणि खेडोपाडी इंग्रजी शब्द रूढ झाले. ‘रिलीफ’ म्हणजे अन्न, औषधे, तात्पुरते पत्र्याचे शेड. ‘रिहॅबिलिटेशन’ म्हणजे पुन्हा उभे राहिलेले जीवन. किल्लारीसह ५२ गावांच्या वाट्याला ‘रिलोकेशन’, म्हणजे नव्या जागी नवे गाव आले. तर कमी हानी झालेल्या असंख्य घरांच्या वाट्याला ‘रिपेअर’ आणि ‘स्ट्रेंग्थनिंग’, म्हणजे दुरुस्ती व मजबुतीकरण. कोणाच्या घरापुढे कोणता शब्द लिहिला गेला, यावर त्या कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरले. पत्र्याच्या शेडला कोणी पुनर्वसन म्हटले असते, तर ते या भागातील निरक्षर म्हातारीनेही मान्य केले नसते.

वैद्यकात आपण मात्र हीच गल्लत नित्य करतो. ‘क्युअर’ म्हणजे रोगाचे समूळ निराकरण. ‘ट्रीटमेंट’ म्हणजे चिकित्सा. तिच्या फलाची हमी त्या शब्दात नाही. ‘रिलीफ’ म्हणजे लक्षणांचा उपशम, रोग राहिला तरी वेदना कमी होणे. ‘मॅनेजमेंट’ म्हणजे पथ्य, औषध व देखरेख यांनी रोगाला दीर्घकाळ आवरून धरणे. ‘हीलिंग’ हा शब्द मुख्यत्वे जखम भरून येण्याला शोभतो. आपल्या परिभाषेत तो व्रणरोपणाच्या जवळचा आहे. आपले ग्रामीण रुग्ण या छटा अचूक ओळखतात. ‘आराम वाटतोय’, ‘उतार पडला’, ‘गुण आला’ आणि ‘खडखडीत बरा झालो’ ही चार विधाने ते कधीही एकमेकांच्या जागी वापरीत नाहीत. मग त्यांच्या वैद्याने चारहींसाठी एकच ‘क्युअर’ का लिहावा?

आपल्या शास्त्राला तर हा विवेक प्राचीन काळापासून अवगत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व अनुपक्रम असे व्याधींचे विभाग केलेले आहेत, आणि असाध्यावर हात घालणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची व कीर्तीची हानी होते, असा इशाराही दिला आहे. याप्य व्याधीसाठी सुश्रुतसंहितेने योजलेला दृष्टान्त तर भूकंप पाहिलेल्या मनाला थेट भिडतो: पडू घातलेल्या घराला नीट लावलेला खांब जसा ते घर सावरून धरतो, तशी योग्य चिकित्सा याप्य रुग्णाला सावरून धरते. टेकू हा टेकूच असतो. तो लावणे हे मोलाचे कौशल्य आहे. पण टेकू लावून घर नवे बांधून दिल्याचे सांगणे ही फसवणूक आहे. मालकाने त्या भरवशावर टेकू काढला, तर भिंत त्याच्याच अंगावर येईल.

प्रमेहाचेच उदाहरण घेऊ. वीस प्रमेहांपैकी कफज दहा साध्य, पित्तज सहा याप्य आणि वातज चार असाध्य, हे प्रत्येक बी.ए.एम.एस. विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. मधुमेहाची गणना या वातज चारांत होते. असे असता ‘डायबेटीस क्युअर’ अशी पाटी लावणारा वैद्य आधुनिक शास्त्राच्या आधी आपल्याच संहितेशी विसंगत बोलत असतो. यातला धोका केवळ शाब्दिक नाही. इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णाने ‘क्युअर’ या शब्दावर विसंबून ते परस्पर बंद केले, तर कीटोॲसिडोसिस होऊन काही दिवसांत, कधी काही तासांतच, त्याचे प्राण संकटात येतात. तोच वैद्य ‘मॅनेजमेंट’ लिहील, तर रुग्ण पथ्य पाळील, तपासण्या करील आणि चालू औषध विचारल्यावाचून सोडणार नाही.

कायद्यानेही या शब्दांत भेद केला आहे. १९५४ चा औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अनुसूचीतील रोगांच्या बाबतीत निदान, क्युअर, मिटिगेशन, ट्रीटमेंट आणि प्रिव्हेन्शन असे निरनिराळे शब्द उच्चारून औषधांच्या जाहिरातींना मनाई करतो. मधुमेह व कर्करोग या अनुसूचीत आहेत. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुढील अपराधास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. तेव्हा ‘क्युअर’ खोडून ‘ट्रीटमेंट’ लिहिले की जाहिरात निर्दोष झाली, असे औषधनिर्मात्यांनी समजू नये. मात्र याच कायद्याच्या कलम १४ ने एक सवलत ठेवली आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाला स्वतःच्या जागेत, तेथे अमुक रोगावर ‘ट्रीटमेंट’ केली जाते, एवढे दर्शविणारी पाटी लावता येते. सवलत ट्रीटमेंटला आहे, क्युअरला नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येतही निदान, ट्रीटमेंट, मिटिगेशन व प्रिव्हेन्शन हे शब्द आहेत, क्युअर नाही.

यावर आक्षेप येतो की, रुग्णाला आशा हवी असते. ‘रिलीफ’ लिहिले तर तो शेजारच्या दुकानात जाईल. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु जे वैद्य व औषधालये आपल्या भागात पिढ्यान्पिढ्या टिकली, ती दिलेला शब्द पाळल्यामुळे टिकली. ज्याला ‘रिलीफ’ सांगितला व रिलीफ मिळाला, तो रुग्ण दहा जणांना घेऊन येतो. ज्याला ‘क्युअर’ सांगितला व रिलीफ मिळाला, तो त्याच औषधाला निरुपयोगी ठरवितो. एका चुकीच्या शब्दामुळे गुणकारी औषधही बदनाम होते.

तज्ज्ञाकडे पाठवावयाच्या चिठ्ठीतही हाच विवेक हवा. ‘चक्कर येते’ या तक्रारीसाठी ‘गिडिनेस’ हा एकच शब्द ठोकून दिला जातो. रुग्ण मात्र कधी ‘गरगरतंय’, कधी ‘डोळ्यांपुढं अंधारी येते’, तर कधी ‘चालताना झोक जातो’ असे सांगतो. पहिले ‘व्हर्टिगो’, दुसरे ‘प्रीसिंकपी’, तिसरे ‘अनस्टेडिनेस’. पहिल्यात कानाकडे, दुसऱ्यात हृदयाकडे व रक्तदाबाकडे, तिसऱ्यात मज्जासंस्थेकडे आधी लक्ष जाते. शब्द चुकला तर तपासाची दिशा चुकते आणि वेळ वाया जातो.

औषधनिर्मात्यांच्या आवडीचा ‘हार्मलेस’ हा शब्दही तपासून पाहावा. ‘हार्मलेस’ म्हणजे कोणत्याही परिस्थितीत निरुपद्रवी. ‘सेफ’ म्हणजे योग्य मात्रेत, योग्य रुग्णात व योग्य अनुपानासह सुरक्षित. वत्सनाभ, भल्लातक, कुचला ही द्रव्ये अनुसूची ई(१) मध्ये विषारी म्हणून नोंदलेली आहेत, आणि ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा नियमाने छापावा लागतो. एका बाजूला हा इशारा आणि दुसऱ्या बाजूला ‘हार्मलेस’, असे लेबल स्वतःशीच भांडत असते.

आता साधनांची उणीवही राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदाची प्रमाण परिभाषा प्रसिद्ध केली आणि जानेवारी २०२४ मध्ये रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेदीय निदानांना स्थान दिले. आपले लिखाण यापुढे परगावचे व परदेशीचे अभ्यासकही वाचणार आहेत.

म्हणून सूचना एवढीच की, इंग्रजी शब्द निवडण्यापूर्वी व्याधीची साध्यासाध्यता ठरवावी. साध्य असेल व पुन्हा उद्भवणार नाही अशी खात्री असेल, तरच रुग्णाच्या कागदावर ‘क्युअर’ यावा. याप्याला ‘मॅनेजमेंट’, केवळ लक्षणोपशमाला ‘रिलीफ’, आणि निश्चिती नसेल तेथे ‘ट्रीटमेंट’. प्रत्येक औषधालयाने पुढील छपाईपूर्वी आपली लेबले व माहितीपत्रके एकदा या कसोटीवर घासून पाहावीत, आणि संघटनेच्या जिल्हा शाखांनी अशा पन्नास-साठ शब्दांची एक छोटी सूची तयार करून सभासदांना द्यावी. हे काम फार खर्चाचे नाही, आणि त्याने रुग्णाचे हित व शास्त्राची प्रतिष्ठा दोन्ही राखली जातील.