घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय?

आपल्याकडे घोरण्याला फार इज्जत आहे बुवा! कुणी घोरायला लागलं की घरातले कौतुकाने म्हणतात, ‘कसा गाढ झोपलाय बघ!’ हॉस्टेलवर त्याचे जोक्स होतात, ऑफिसच्या पिकनिकला रूम वाटताना भांडणं होतात. पण त्यासाठी डॉक्टरकडे? छे, घोरणं हा काय आजार आहे?

असू शकतो, मंडळी. मला हे कळलं ते आजोळामुळे, म्हणजे पारनेरमुळे.

माझा मामा कांद्याची पिकअप चालवतो. रात्री माल भरायचा, सुप्याला पुणे-नगर रस्ता पकडायचा आणि पहाटे पुण्याचं मार्केट यार्ड गाठायचं. दिवसा तो कुठेही पेंगायचा. जेवता जेवता, टीव्हीसमोर, अगदी पाहुणे बोलत असतानासुद्धा. ‘जागरणं होतात ना,’ हे कारण सगळ्यांना पटायचं. पण सीझन संपला, मामा रोज रात्री घरी झोपायला लागला, तरी पेंग काही जाईना. सकाळी डोकं जड, रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं आणि गोळ्या घेऊनही बीपी चढलेलंच. शेवटी मामी बोलली, ‘अगं, घोरता घोरता मधीच एकदम गप होतात. श्वासच नाही! मी हलवलं की मोठ्ठा आचका देऊन परत चालू.’

मामाला उचलून पुण्यातल्या एका स्लीप क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरांनी मामापेक्षा मामीलाच जास्त प्रश्न विचारले. बरोबरच आहे, झोपणाऱ्याला स्वतःची झोप कुठे दिसते? मग मामाला एक फॉर्म दिला. त्याचं नाव एपवर्थ स्केल. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेले आठ साधे प्रश्न. वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला गाडी थांबली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. बेरीज दहाच्या वर गेली की मामला तपासण्यासारखा. मामाला पडले १७. आयुष्यात पहिल्यांदा एवढे मार्क मिळाले, असं तोच म्हणाला!

मग रात्रभराची स्लीप स्टडी. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायांना वायरी, नाकाशी नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. रिपोर्ट आला, तासाला सरासरी ४२ वेळा श्वास अडतोय. पाचच्या आत नॉर्मल, तीसच्या वर गंभीर. आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, निदान दहा सेकंद हवा अडते. ऑक्सिजन घसरला की मेंदू दचकून उठवतो. आपल्याला आठवतही नाही, पण बीपी आणि हृदय रात्रभर धावपळीत. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ साली मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत याच आजाराचं नाव होतं.

उपाय काय? वजन उतरवा, कुशीवर झोपा, रात्रीची दारू बंद. सौम्य त्रासाला डेंटिस्ट खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण बनवून देतात. मामासारख्या केसमध्ये सीपॅप. हे छोटं मशीन मास्कमधून हवेचा हलका दाब देतं आणि घशाची वाट उघडी ठेवतं. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते पुढे आणलं. पहिल्या आठवड्यात मामाने मास्क दोनदा भिरकावला. पोरांनी ‘पायलट’ नाव ठेवलं. लाइट गेली की मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टर आला. पण पंधरा दिवसांनी तो फोनवर म्हणाला, ‘लई वर्षांनी सकाळी सकाळ झाल्यासारखी वाटली.’ डॉक्टरांनी तोवर रात्रीचं ड्रायव्हिंग बंद ठेवलं होतं. मामी म्हणते, पिकअप शिरूरच्या पुढे गेली की आधी तिची झोप उडायची, आता नाही उडत.

आता तुमच्याकडे येऊ. हा जाड्या काकालोकांचा प्रॉब्लेम म्हणून पान उलटू नका. जबडा लहान असला की सडपातळ माणसालाही होतो. तीनच्या मीटिंगमध्ये डोळे मिटतात, आठ तास झोपूनही फ्रेश वाटत नाही, कॉफीचा तिसरा मग रिकामा झालाय? दरवेळी दोष बॉसचा किंवा डेडलाइनचा नसतो. आणि हो, डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी घेऊ नका. काही गोळ्यांनी श्वासाची अडचण आणखी वाढू शकते.

एकटे राहत असाल तर रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. रूम पार्टनर असेल तर सरळ विचारा, ‘मी झोपेत मधेच गप होतो का रे?’ घोरण्यापेक्षा त्या गप्प होण्याकडे लक्ष द्या. उत्तर ‘हो’ आलं तर अपॉइंटमेंट घ्या. आणि रात्रभर जागून साक्ष दिल्याबद्दल त्या बिचाऱ्याला एक कटिंग नक्की पाजा!