बिअर कोणती, हे स्वयंपाकघराने ठरवावे

अमेरिकेतल्या ब्रूअऱ्यांमध्ये आणि त्यांच्या आसपासच्या रेस्टॉरंटांमध्ये ‘बिअर डिनर’ हा प्रकार आता चांगला रुळला आहे. चार-पाच पदार्थ, प्रत्येकाबरोबर लहान ग्लासात वेगळी क्राफ्ट बिअर, आणि मध्ये मध्ये शेफने व ब्रूअरने उभे राहून ही जोडी का जमवली ते सांगायचे, असे त्याचे साधारण रूप असते. या मेजवान्यांत भारतीय पदार्थ आले की एक सल्ला हमखास दिला जातो: जेवण तिखट आहे, तेव्हा आयपीए (इंडिया पेल एल) घ्या. हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकतो हे पाहू लागले की त्यामागची मोठी चूकही दिसते. या मेजवान्या बहुधा बिअरच्या यादीपासून सुरू होतात आणि स्वयंपाकाला त्या यादीत जागा शोधावी लागते. क्रम उलटा हवा. आधी ताट ठरावे, मग ग्लास. आणि ताट मराठी असेल तर तो ग्लास मराठी स्वयंपाक जाणणाऱ्याने निवडावा.

बिअर आधी, ताट नंतर हा क्रम आला कुठून, ते इतिहासात सापडते. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक ब्रूअऱ्या बुडाल्या. पुढच्या चार दशकांत उरलेल्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस एवढ्या मोठ्या देशात शंभरही ब्रूअऱ्या राहिल्या नव्हत्या. त्यातल्या बहुतेक जणी एकाच चवीची फिकी लागर करत आणि ती बर्फासारखी गार पाजत. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची डबघाईला आलेली अँकर ब्रूअरी वाचवली, जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये सोनोमात न्यू अल्बियन उभी केली, आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरी बिअर करणे कायदेशीर झाले. आज देशात नऊ हजारांहून अधिक ब्रूअऱ्या आहेत. बिअरला जेवणाच्या टेबलावर वाइनइतका मान मिळावा यासाठी ब्रुकलिन ब्रूअरीचे ब्रूमास्टर गॅरेट ऑलिव्हर यांनी २००३ मध्ये ‘द ब्रूमास्टर्स टेबल’ हे जाडजूड पुस्तक लिहिले. २००८ मध्ये वॉशिंग्टनला ‘सेव्हर’ हा बिअर आणि खाण्याचा मोठा सोहळा सुरू झाला. त्याच सुमारास रे डॅनियल्स यांनी बिअर जाणकारांसाठी ‘सिसेरोन’ ही परीक्षा सुरू केली. काम मोलाचे आहे, यात शंका नाही. पण हे ज्ञान बिअर करणाऱ्यांनी उभे केले. चीज, सॉसेज, कालवे, भाजलेले मांस यांच्याशी कोणती बिअर जाते हे त्यांना बारकाईने ठाऊक आहे. आपला अख्खा मसाल्याचा डबा मात्र अनेक तक्त्यांत ‘स्पायसी फूड’ या एका खान्यात कोंबलेला असतो आणि समोर लिहिलेले असते आयपीए.

आता जिभेवर काय घडते ते पाहू. तिखटपणा ही मुळात चव नव्हे, ती आग आहे. मिरचीतले कॅप्सेसिन आपल्या तोंडातल्या अशा संवेदकांना चिथावते, जे एरवी साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता कळवतात. अल्कोहोल याच संवेदकांचा उंबरठा खाली आणते, तो शरीराच्या तापमानाच्याही खाली जातो, आणि म्हणून कडक दारू घशातून जाताना जळजळते. म्हणजे मिरची आणि अल्कोहोल दोघेही एकच घंटा वाजवतात. साध्या लागरमध्ये अल्कोहोल साडेचार-पाच टक्के असते, अमेरिकी आयपीएत सहा ते साडेसात. त्यात हॉप्स या कडसर फुलांचा कडूपणा तोंडात रेंगाळतो, आणि तिखटाचा चरकाही रेंगाळत असतो. वर बुडबुड्यांतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होतो आणि झिणझिण्या वाढवतो. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे घोटामागून घोट घेतले तरी ते धुऊन निघत नाही. त्याला आवरते ते दही-ताकातले केसिन हे प्रथिन. गोडाने त्याची धार बोथट होते. तेव्हा तिखट जेवणाला हवी ती कमी अल्कोहोलची, बेताच्या बुडबुड्यांची आणि हॉप्सच्या कडूपणापेक्षा माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, गोडवा पुढे असलेली बिअर. आयपीए अल्कोहोल आणि कडूपणा या दोन्ही बाबतींत उलट्या टोकाला आहे. तिची स्वतःची जागा आहे, जुन्या चेडर चीजबरोबर किंवा मिरची बेताची असलेल्या तळणाबरोबर ती उत्तम लागते. पण कोल्हापुरी रश्श्याशेजारी तिला बसवणे हा रश्श्यावर आणि तिच्यावरही अन्याय आहे.

तिच्या नावात इंडिया आहे म्हणून ती आपल्या जेवणाची सोबतीण ठरत नाही. पूर्व लंडनमधल्या हॉजसन यांच्या बो ब्रूअरीतून आणि पुढे इंग्लंडमधल्याच बर्टनमधून ही फिकी, कडसर एल जहाजाने हिंदुस्थानात यायची. ती पिणारे होते ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर आणि गोरे सैनिक. हॉप्स जास्त घातल्याने ती लांबच्या प्रवासात आंबट होत नसे. आमटी-भाकरी खाणाऱ्याच्या ताटाशी तिचा संबंध कधीच आला नव्हता.

उलट, ज्यांनी भारतीय जेवणापासून सुरुवात केली ते कुठे पोचले पाहा. करण बिलिमोरिया यांना लंडनच्या करी रेस्टॉरंटांत मिळणारी युरोपीय लागर फार वायूची वाटली, जेवणाबरोबर पोट फुगवणारी. म्हणून त्यांनी १९९० च्या सुमारास मऊ, कमी बुडबुड्यांची कोब्रा आणली. अमेरिकेत, मेन राज्यात घरचे भारतीय रेस्टॉरंट असलेल्या व्हॅन आणि सुमित शर्मा या भावांनी अलीकडे बासमती तांदूळ वापरून ‘रुपी’ ही सौम्य लागर काढली. बिलिमोरिया आणि शर्मा बंधू यांचे उद्योग वेगळे, देश वेगळे, काळ वेगळा. पण टेबलावरचा पदार्थ समोर ठेवून विचार केल्यावर दोघेही कडक, कडू बिअरकडे न जाता मऊ बिअरकडे वळले. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नको. मर्यादा एवढीच की एकच बिअर साऱ्या भारतीय जेवणाला चालेल असे त्यातही गृहीत आहे, आणि आपल्या ताटात तर एका बैठकीत पाच चवी असतात.

मराठी ताटापुरते बोलायचे तर वडापावपासून सुरुवात करावी. तळलेले बेसन, बटाटा, लसणीची कोरडी चटणी: याला हेलेस ही दक्षिण जर्मन धाटणीची लागर द्यावी, जिच्यात कडूपणा नावापुरता असतो आणि बुडबुडे तोंडातला तेलकटपणा काढून टाकतात. कोथिंबीर वडीला बेल्जियन धाटणीची विटबिअर, कारण तिच्यात मुळातच धने आणि संत्र्याची साल घातलेली असते. ही जवळपास नामशेष झालेली बिअर पिएर सेलिस यांनी १९६० च्या दशकात हूगार्डन गावात पुन्हा सुरू केली आणि १९९२ मध्ये स्वतः टेक्सासमधल्या ऑस्टिनला ब्रूअरी काढून अमेरिकेत रुजवली. मेनमधल्या अलागॅशची ‘व्हाइट’ आज अनेक राज्यांत मिळते. भरल्या वांग्यातले शेंगदाणे, तीळ आणि सुके खोबरे भाजताना जी रासायनिक क्रिया होते तीच मोड आणलेले जव भाजताना होते, म्हणून गडद तपकिरी म्युनिक डुंकेल तिथे घरच्यासारखी वाटते. गोडा मसाल्यातली लवंग पुढे आणायची असेल तर गव्हाची डुंकेलवाइझेन घ्यावी. तिच्या यीस्टमधूनच लवंगेचा वास येतो. कोकम आणि तिरफळ घातलेल्या बांगड्याला गोझे. लाइपझिगच्या या आंबूस बिअरमध्ये मीठ आणि धने असतात, आणि तिचा आंबटपणा येतो तो लॅक्टिक आम्लातून, अगदी आपल्या ताकासारखा. सर्वांत अवघड तांबडा रस्सा. इथे बरेच जण काळी, नऊ-दहा टक्क्यांची स्टाउट काढतात आणि सगळे बिघडवतात. लॅक्टोजचा गोडवा राखलेली, पाच टक्क्यांच्या आसपासची मिल्क स्टाउट तिथे हवी, आणि तीही फार गार नको, म्हणजे माल्ट बोलू लागतो. पुरणपोळीला मात्र कोणतीही बिअर शोधू नये. ती नैवेद्याची आहे, तिची जोडी दूध-तुपाशी लागलेली आहे, आणि काही गोष्टी तशाच राहू द्याव्यात.

हे सारे अमेरिकेत घडण्याजोगे आहे, याचे उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल या डोंगराळ शहरात आहे. जमैकात जन्मलेल्या ऑस्कर वाँग यांनी १९९४ मध्ये तिथे हायलँड ब्रूअरी सुरू केली. पुढे ‘बिअर सिटी’ हे बिरुद शहराला चिकटले, आणि सिएरा नेवाडा आणि न्यू बेल्जियम या पश्चिमेच्या बड्या ब्रूअऱ्यांनीही आपले दुसरे घर त्याच परिसरात केले. याच शहरात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, लहानाचे मोठे झालेले मेहेरवान इराणी यांनी २००९ मध्ये ‘चाय पानी’ उघडले. भेळ आणि वडापाव विकणाऱ्या या जागेला २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनने देशातले उत्कृष्ट रेस्टॉरंट ठरवले, आणि २०२४ मध्ये ते साउथ स्लोपला, म्हणजे शहरातल्या ब्रूअऱ्यांच्या वस्तीतच, हलले. महाराष्ट्राच्या रस्त्यावरचे खाणे आणि अमेरिकेची उत्तम बिअर इतकी शेजारी शेजारी राहत असताना, दोघांचे नाते एखाद्या छापील तक्त्यावर सोडून देणे बरे नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की चव ज्याची त्याची. काहींना आग वाढलेलीच आवडते. खरे आहे, आणि त्यांनी आयपीए खुशाल घ्यावी. पण मेजवानीचा हेतू पदार्थ नीट कळावा हा असतो. आग भडकली की आधी बुजते ते दगडफूल, मग तिरफळ, मग खोबऱ्याचा गोडवा, आणि शेवटी ‘इंडियन’ म्हणजे तिखट एवढीच आठवण घेऊन पाहुणा घरी जातो. ज्या स्वयंपाकात इतके बारकावे आहेत त्याची अशी ओळख होणे मला सहन होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दारू वाईट, तिचे कौतुक कशाला? अमेरिकेच्या सर्जन जनरलनी जानेवारी २०२५ मध्ये अल्कोहोलचा किमान सात प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचे स्पष्ट बजावले आहे. बिअर डिनर आरोग्याला चांगले, असा दावा कुणी करू नये, आणि जो पीत नाही त्याने त्यासाठी पिऊ लागू नये. मात्र जे पितात त्यांच्यापुरता प्रश्न कसे पितात हा आहे. आपल्याकडे पिण्याची रूढ रीत म्हणजे आधी दारू, सोबत चकणा, आणि जेवण सर्वांत शेवटी, तेही उरलेल्या भुकेपुरते. बिअर डिनरमध्ये जेवण आधी आणि पुढे असते, ग्लास त्याच्या मापाने येतो. चार औंसांचे पाच ग्लास म्हणजे वीस औंस; पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये ते अमेरिकी हिशेबाने पावणेदोन ‘ड्रिंक’च्या आतच राहते. त्याच पाच ग्लासांत नऊ टक्क्यांची बिअर भरली तर हिशेब तीन ड्रिंकवर जातो. म्हणून स्वयंपाकघराने सौम्य बिअर निवडणे हे चवीचेही कारण आहे आणि सुखरूप घरी पोचण्याचेही, कारण बहुतेक पाहुण्यांना मोटारीनेच परतायचे असते. मेनूवर प्रत्येक ग्लासाचे माप आणि अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असलेच पाहिजे. न पिणाऱ्यासाठी त्याच टेबलावर, त्याच मानाने, दुसरी जोडी हवी: कनेटिकटमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या ॲथलेटिकसारख्या ब्रूअरीची अर्ध्या टक्क्याहून कमी अल्कोहोलची बिअर, किंवा सरळ सोलकढी, मठ्ठा, पन्हे. मासे आणि सोलकढी ही जोडी तर कोणत्याही ब्रूमास्टरने शिकून घ्यावी अशी आहे.

राहिला धंद्याचा मुद्दा. हा सगळा ब्रूअऱ्यांचा विक्रीचा खटाटोप आहे, असे म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेत नव्या उघडलेल्या क्राफ्ट ब्रूअऱ्यांपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या; त्यांना नवे गिऱ्हाईक हवे आहे. पण म्हणूनच आज स्वयंपाकघराच्या शब्दाला वजन आहे. अमेरिकेत रेस्टॉरंट चालवणाऱ्या, केटरिंग करणाऱ्या मराठी मंडळींनी पुढच्या वेळी ब्रूअरीकडून बोलावणे आले की त्यांची बिअरची यादी मागू नये. आपला मेनू आधी पाठवावा, पदार्थात मिरची किती, आंबट कशाचे, मसाला भाजलेला की कच्चा हे लिहून द्यावे, ब्रूअरला स्वयंपाकघरात बोलावून चमच्याने चाखायला लावावे, आणि जी बिअर ताटाला जमत नाही तिला नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे.