किल्ल्यावर १८१८ ही मांडावे

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींत दिवाळीला मातीचे किल्ले उभे राहतात. माथ्यावर शिवछत्रपती, पायथ्याशी मावळे. इतिहास तेथेच थांबतो. इंग्रजांनी मात्र १८७९ मधील आफ्रिकेतील एका चौकीचा बचाव १९६४ च्या 'झुलू' चित्रपटातून अजरामर केला. छंदिष्ट आजही चिमुकले सैनिक मांडून तो खेळतात.

मे १८१८ मध्ये रायगड तोफांच्या माऱ्यापुढे कंपनीच्या हाती गेला. ना. सं. इनामदारांच्या 'मंत्रावेगळा'ने दुसऱ्या बाजीरावाचा तो काळ कादंबरीत आणला. चाळीतला किल्ला त्याबाबत मूकच आहे. विजयाचे स्मरण अभिमान देते, पराभवाचे स्मरण सावध करते. एखाद्या मंडळाने हा अखेरचा वेढाही मांडावा. मुले विचारतील, 'गड का पडला?' पेशवे, भोसले, होळकर वेगवेगळे लढले आणि वेगवेगळे हरले, हे वडीलधाऱ्यांनी तेव्हा निःसंकोच सांगावे.